लोकर बांधलेली पानं: ब्लूबेरीच्या आतल्या बुरश्यांच्या प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२४, सोमवार

पालख्या पुण्यात मुक्कामाला आहेत. रस्ते वारकऱ्यांनी भरलेले, रिक्षा मिळायची शक्यताच नव्हती, म्हणून चालतच कॉलेज गाठलं. अकराला मॅडमनी विषयाच्या कागदावर सही केली: ‘ब्लूबेरीच्या झाडात निरुपद्रवीपणे राहणाऱ्या बुरश्या’. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, हातात साधारण पाच महिने.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं. बुरशी म्हटलं की शिळ्या भाकरीवरचा थर आठवतो, नाहीतर द्राक्षावरची भुरी. पण ठणठणीत हिरव्या पानाच्या आतही, पेशींच्या मधल्या जागेत, बुरश्या बारीक तंतूंच्या रूपात राहत असतात आणि बाहेरून कसलीच खूण दिसत नाही. ज्या ज्या झाडात कोणी नीट शोधल्या, तिथे त्या बहुतेक सापडल्याच आहेत. मराठीत अंतर्वासी बुरशी म्हणता येईल, लॅबमध्ये आम्ही सगळे एंडोफाइटच म्हणतो. हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६६ साली वापरला. त्यांना झाडाच्या आत वाढणारा कुठलाही जीव अभिप्रेत होता, रोग करणारासुद्धा. ‘निरुपद्रवी’ ही अट नंतरच्या लोकांनी जोडली. माझ्या विषयात हा शब्द आहे, तो टिकतो का हे बघायचं आहे.

ब्लूबेरीच का, असं मॅडमनीही विचारलं. झाड बाहेरचं आहे म्हणून. उत्तर अमेरिकेतल्या आम्लधर्मी, दलदलीच्या जमिनीत ते रानटी वाढतं. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी ते कुंडीत का मरतं याचा छडा लावून १९१० मध्ये प्रयोग छापले, मग न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट यांच्या शेतात दोघांनी रानातली निवडक झुडपं जमवली आणि १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. म्हणजे द्राक्षासारखी हजारो वर्षांची सोबत इथे नाही. आपल्याकडे येणारी रोपं तर बहुतेक टिश्यू कल्चरची, काचेच्या बाटलीत निर्जंतुक वाढवलेली. अशा झाडाच्या पानात मुळशीच्या हवेत कोण राहायला येतं, आणि कुठून येतं? मला एवढंच शोधायचं आहे.

४ जुलै, गुरुवार

बुरशी वाढवायचं माध्यम तयार केलं. तयार पावडर मिळते, पण मॅडम म्हणाल्या पहिली बॅच हाताने कर. सोललेला बटाटा २०० ग्रॅम, छोट्या फोडी, अर्धा तास उकळून मलमलच्या फडक्यातून गाळला. त्या पाण्यात २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ग्रॅम अगर, एकूण एक लिटर. जिवाणू वाढू नयेत म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल. ते उष्णतेला टिकतं, त्यामुळे ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्याच्या) आधीच घालता येतं. १२१ अंश, पंधरा पौंड दाब, वीस मिनिटं. आमच्या लॅबचे मामा ऑटोक्लेव्हच्या आवाजावरून दाब सांगतात. काटा बघितला की तेवढाच असतो.

चाळीस प्लेट्स ओतल्या. खोलीत उकडलेल्या बटाट्याचा वास संध्याकाळपर्यंत होता.

६ जुलै, शनिवार

काल पौडच्या पुढे एका काकांच्या पॉलिहाउसवर गेले. बिलॉक्सी या वाणाची झाडं आहेत, कमी थंडीत फळणारं वाण. मातीत एकही झाड नाही, सगळी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेल्या पिशव्यांत. आपली काळी माती बेसाल्टची, चुनखडीची, तिचा पीएच बहुतेक सातच्या वरच. ब्लूबेरीला हवा साडेचार ते साडेपाच. विहिरीच्या पाण्यातसुद्धा आम्ल मिसळून ते ठिबकने सोडतात. काकांच्या खिशात पेनाशेजारी पीएच मीटर असतो.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “ताई, बुरशी शोधायला आलात म्हणजे माझ्या झाडांना काय झालंय का?” नाही म्हटलं, चांगलीच पानं हवी आहेत. मग आतल्या बुरशीबद्दल सांगितलं. ते थोडा वेळ पानाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मग ही आतली मारायला काय फवारायचं?” त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. ज्याचं पीक एका करप्याने जाऊ शकतं त्याला बुरशी या शब्दाने झोप येत नाही. “सध्या काहीच नको,” म्हटलं, “आधी बघू कोण आहेत.” दोन ओळी माझ्या कामासाठी फवारणीविना ठेवायला ते तयार झाले.

एक गोष्ट न मागता मिळाली. विहिरीजवळ उघड्यावर तीन झाडं आहेत. पिशव्या फाटल्या म्हणून काकांनी ती जुन्या ड्रममध्ये लावून बाहेर ठेवली होती. त्याच खेपेची, तेच वाण, तेवढंच वय. तिथेच प्रयोगाची मांडणी बदलली: आत आणि बाहेर.

आज पानं प्लेटवर लावली. आतली बुरशी हवी तर पृष्ठभागावरची पूर्ण मारावी लागते, आणि आतलीला धक्का लागता कामा नये. ७० टक्के इथेनॉलमध्ये एक मिनिट, सोडियम हायपोक्लोराइटमध्ये तीन मिनिटं, पुन्हा इथेनॉलमध्ये अर्धा मिनिट, मग निर्जंतुक पाण्याने तीन वेळा धुवायचं. त्यानंतर लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटात, ज्योतीशेजारी, पानाच्या कडा कापून टाकायच्या आणि पाच मिलिमीटरचे तुकडे करायचे.

काम नीट झालं का हे तपासायला धुतलेलं अख्खं पान वेगळ्या प्लेटवर हलकेच दाबून उचलायचं. त्या ठशाच्या जागी काही उगवलं नाही, तर पृष्ठभाग स्वच्छ होता. तरच तुकड्यातून निघालेली बुरशी आतली म्हणता येते. या एका प्लेटवर सगळ्या प्रकल्पाचा भार आहे.

१० जुलै, बुधवार

ठशाच्या प्लेटवर पान उगवलं आहे. दुसरा शब्द नाही. ॲस्परजिलस या काळ्या बुरशीच्या ठिपक्यांनी पानाची कड, मधली शीर, टोक, सगळं जसंच्या तसं उमटलंय. याचा अर्थ सगळ्या तुकड्यांतलं निकालात काढायचं. चाळीस प्लेट्स वाया.

रडू आलं होतं, ते मामांना दिसलं. त्यांनी हायपोक्लोराइटची बाटली उचलली, झाकण काढून नाकाशी नेली. “हिला वासच नाही राहिला.” बाटली खिडकीतल्या फळीवर होती, पारदर्शक, किती महिन्यांची कोण जाणे. उजेडाने आणि उष्णतेने त्यातला क्लोरीन निघून जातो, हे मला पाठ आहे, परीक्षेत लिहिलंय. बाटली हातात घेताना डोक्यात आलं नाही.

नवीन बाटली, तपकिरी काचेची, फ्रीजमध्ये. दर वेळी वापरण्याआधी थायोसल्फेटने क्लोरीन मोजायचा. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

१३ जुलै, शनिवार

लोकर बांधायचा दिवस. पानात बुरशी कधी शिरते हे कळायला पानाचं वय माहीत हवं. म्हणून नुकती उलगडणारी पानं निवडली: आतल्या ओळींत तीस, बाहेरच्या तीन झाडांवर तीस. ब्लूबेरीच्या पानाला देठ नसल्यासारखाच असतो, पानाला गाठ मारली तर ते चिमटतं. त्यामुळे पानाच्या लगेच खाली फांदीला सैल गाठ मारली. आत पिवळी लोकर, बाहेर लाल. आजीच्या विणकामाच्या पिशवीतली आहे, भिजली तरी रंग सोडत नाही याची खात्री तिनेच दिली.

बाहेरची पानं बांधताना पाऊस होता. कोवळं पान तांबूस, मऊ, बोटाला ओलं लागतं, आणि त्यावर मेणासारखी झाक असते. थेंब गोळा होऊन घरंगळतो, पण शिरेच्या खाचेत थोडं पाणी राहतंच. तो पाण्याचा कण मी बराच वेळ बघत होते. बीजाणू रुजायला एवढंच पुरतं.

त्याच वयाची बिनलोकरीची कोवळी पानं लॅबसाठी आणली. आत आणि बाहेर, प्रत्येकी २४ तुकडे.

१८ जुलै, गुरुवार

गुरुवार, वीज दुरुस्तीचा वार, त्यामुळे दिवसभर लाईट नाही. इन्क्युबेटर बंद. या दिवसांत खोलीचं तापमान २५-२६ असतं, प्लेट्स टेबलावर बऱ्या आहेत. ठसे स्वच्छ. कोवळ्या पानांतून आजवर काहीही निघालेलं नाही.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर कोसळतोय. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याला सोसायट्यांच्या तळमजल्यांत शिरलं, माझी मैत्रीण आईवडिलांना घेऊन नातेवाइकांकडे गेली. शाळा-कॉलेजांना सुट्टी. काकांना फोन केला. “पॉलिहाउस शाबूत आहे. तुमची लाल लोकरवाली मात्र चार दिवस आंघोळच करतायत.”

३ ऑगस्ट, शनिवार

तीन आठवडे झाले. लोकरीच्या गाठी सगळ्या जागेवर. आतली दहा, बाहेरची दहा पानं खुडली. बाहेरच्या पानांवर मातीचे शिंतोडे होते, ड्रमच्या काठापर्यंत उडालेले. दोघांवरही ना ठिपका, ना डाग. पुन्हा प्रत्येकी २४ तुकडे.

७ ऑगस्ट, बुधवार

आज पहिल्यांदा दिसली.

लाल लोकरीच्या तुकड्यांची प्लेट स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली धरली. एका तुकड्याच्या कापलेल्या कडेतून, जिथे मधल्या शिरेचा बारीक फाटा तुटला होता नेमकं तिथून, पांढरे तंतू बाहेर आले होते. सात-आठ असतील. वरच्या चकचकीत पृष्ठभागातून एकही नाही. पान कापलं ती जखमच त्यांना दार झाली. तंतू आधी अगरवर सपाट पसरतात, मग प्रत्येकाला फाटे फुटतात. सकाळी नऊला बघितलं तेव्हा ते तुकड्याच्या कडेजवळ होते. दुपारी चारला अगरवर जवळपास दोन मिलिमीटर पुढे.

मॅडमना बोलावलं. त्यांनी एक डोळा लावून बघितलं आणि म्हणाल्या, “आता घाई करू नको. जी लवकर वाढते ती सगळी प्लेट खाते, हळू वाढणारी खाली दबते. दिसली की टोक उचल.” म्हणजे वाढत्या कडेचा अगदी छोटा तुकडा नव्या प्लेटवर न्यायचा. आजपासून रोज सकाळी पहिलं काम हेच.

२४ ऑगस्ट, शनिवार

सहा आठवडे. दुसरी खुडणी. आता पानं गडद, कडक, कागदासारखी वाजतात. लोकर बांधलेल्यांपैकी दहा-दहा पानं मुद्दाम झाडावर ठेवली.

१० सप्टेंबर, मंगळवार

घरी गौरी आल्या आहेत, पण संध्याकाळपर्यंत मी इथेच. काही प्लेट्सवर आता बीजाणू धरलेत, ते बघायचे होते.

लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब, त्यात सुईच्या टोकावरची काळी पूड, वर कव्हर स्लिप. चाळीसच्या भिंगाखाली जे दिसलं ते मी आजवर फक्त चित्रात बघितलं होतं. पेस्टॅलोशिऑप्सिस या बुरशीचा बीजाणू चात्यासारखा, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता, एका रांगेत पाच पेशी. मधल्या तीन तपकिरी, टोकाच्या दोन पाण्यासारख्या स्वच्छ. वरच्या टोकाला तीन लांब, वाकडे, केसाएवढे धागे. खालच्या टोकाला एकच आखूड. कव्हर स्लिप हलवली तर द्रवात ते धागे हलतात. झाडाच्या पानात बिनबोभाट राहणाऱ्या जिवाने हे सगळं कशासाठी घडवलं असेल, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

मधल्या तीन पेशी सारख्या तपकिरी नाहीत, वरच्या दोन जास्त गडद आहेत. हे महत्त्वाचं, कारण २०१४ मध्ये या प्रजातीतून निओपेस्टॅलोशिऑप्सिस ही प्रजाती वेगळी काढली, ती डीएनए आणि याच रंगाच्या फरकावर. माझी बहुधा तीच.

बाकी: कोलेटोट्रायकम, नारिंगी-गुलाबी लगद्यात सरळ, दोन्ही टोकं गोल, बिनरंगी बीजाणू. नायग्रोस्पोरा, डांबराच्या थेंबासारखे काळे चकचकीत गोल. क्लॅडोस्पोरियम, ऑलिव्ह हिरवा मखमली थर. आणि सहा प्लेट्स अशा, ज्या पांढऱ्या नाहीतर राखाडी राहिल्या आणि एकही बीजाणू द्यायला तयार नाहीत. अशांना जुन्या पुस्तकांत सरसकट ‘वांझ कवकजाल’ म्हणून एका खान्यात टाकतात. ती वांझ नाहीत, इथे त्यांना हवं ते मी देऊ शकले नाही इतकंच.

१४ सप्टेंबर, शनिवार

तीन आठवडे वाट बघून आज मोजणी बंद केली. प्रत्येक वेळी २४ तुकडे.

बाहेर, लाल लोकर: कोवळ्या पानांत १ तुकड्यातून बुरशी, तीन आठवड्यांच्या पानांत ११, सहा आठवड्यांच्या पानांत २०. आत, पिवळी लोकर: ०, ३, ७.

तुकडे थोडे आहेत, तीनच झाडं बाहेर आहेत, यावरून मोठं काही बोलायचं नाही, हे मॅडमनी दोनदा सांगितलं. तरी दिशा स्पष्ट आहे. पान जन्मतं तेव्हा जवळपास रिकामं असतं. गवतांच्या काही बुरश्या आईकडून बियाण्यातून उतरतात, इथे तसं नाही. इथे त्या बाहेरून येतात, पावसाच्या शिंतोड्यातून, वाऱ्यातून. बीजाणू पानावर पडतो, ओल्या कणात रुजतो, आत शिरतो आणि गप्प बसतो. पॉलिहाउसच्या छपराखाली पाऊस नाही, ठिबकने पाणी थेट पिशवीत, पान सहसा ओलं होत नाही. म्हणून आतली पानं हळू भरतात.

२१ सप्टेंबर, शनिवार

विसर्जन आटोपलं, गाव शांत झालं, आज मुळं.

ब्लूबेरीच्या मुळांना मूळरोम नसतात. बाकीच्या झाडांची मुळं ज्या केसांनी पाणी-अन्न ओढतात ते केसच नाहीत. त्याऐवजी केसाइतकी बारीक मुळं, आणि त्यांच्या बाहेरच्या थरातल्या पेशींत, प्रत्येक पेशीत स्वतंत्र, बुरशीच्या तंतूंची वेटोळी. ब्लूबेरी ज्यात येते त्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळाची ही खास सोबत. नापीक आम्ल जमिनीत नत्र कुजलेल्या पानापाचोळ्यात अडकलेलं असतं. ही बुरशी विकरं सोडून ते सोडवते आणि झाडाला देते, झाड तिला साखर देतं. कोव्हिल यांना मुळांतली ही बुरशी १९१० च्या आधीच दिसली होती. यातली सगळ्यात अभ्यासलेली बुरशी डेव्हिड रीड यांनी १९७४ मध्ये नावारूपाला आणली. तिचं नाव तेव्हापासून अनेकदा बदललं, सध्या हायलोसायफा हेपॅटिसिकोला.

१० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मुळं पारदर्शक केली, ट्रिपॅन ब्लूने रंगवली. सकाळपासून तीसेक तुकडे बघितले. वेटोळ्यांनी भरलेल्या पेशी फक्त दोन तुकड्यांत, त्याही मोजक्या. काळसर, पडदे असलेले जाड तंतू मात्र बऱ्याच ठिकाणी, मुळाच्या लांबीला समांतर धावणारे.

खिडकीपाशी बसून डबा खाताना मला याचं वाईट वाटत राहिलं. पानांना इथे शेजारी मिळाले. मुळांची पिढ्यान्‌पिढ्यांची सोबत बाटलीतून, कोकोपीटमधून आलीच नाही, किंवा नावापुरती आली. काका आठवड्याला मोजून अमोनियमचं खत सोडतात म्हणून झाडाला उणीव जाणवत नाही. तोच नत्र रानात त्याला ती बुरशी आणून देत होती.

५ ऑक्टोबर, शनिवार

विहिरीच्या बांधावर करवंदाची जाळी आहे, पलीकडे एक जांभूळ. तीन ड्रमपासून वीस पावलं. दोन्हींची निरोगी पानं आणून त्याच पद्धतीने लावली होती. आज प्लेट्स शेजारी शेजारी ठेवल्या: करवंदातून कोलेटोट्रायकम, जांभळातून कोलेटोट्रायकम आणि तोच तीन धाग्यांचा बीजाणू. रंग, वाढीचा वेग, बीजाणूंचं माप, सगळं ब्लूबेरीतल्याशी जुळतं.

चेन्नईचे टी. एस. सूर्यनारायणन यांनी भारतीय झाडांतल्या या बुरश्यांवर अनेक वर्षं काम केलं आहे. आपल्या जंगलांत मोजक्याच प्रजाती कितीतरी वेगवेगळ्या झाडांत राहतात, हे त्यांच्या आणि इतरांच्या कामात पुन्हा पुन्हा आलं आहे. ते वाचताना सवयीने मान डोलावली होती. आज टेबलावर बघितलं. झाड न्यू जर्सीकडचं, आतली वस्ती करवंदाच्या जाळीतली.

१६ ऑक्टोबर, बुधवार

दसऱ्याला काकांकडे सोनं द्यायला गेले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, “छाटलेला पाला म्हशीपुढे टाकला तर चालंल ना? आत बुरशी हाय म्हणता.” प्रश्न वाटतो त्याहून जुना आणि गंभीर आहे. अमेरिकेत टॉल फेस्क्यू नावाच्या चाऱ्याच्या गवतावर गुरं खंगायची, खूर आणि शेपटीचं टोक सडायचं, आणि गवत तर दिसायला झकास. १९७७ मध्ये चार्ल्स बेकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष गवताच्या आत राहणाऱ्या बुरशीशी जोडलेला आहे. तीच बुरशी गवताला किडीपासून वाचवते. तेव्हा निरुपद्रवी कोणाला, हे विचारावं लागतं. ती बुरशी गवतांत राहणारी, बियाण्यातून उतरणारी. ब्लूबेरीच्या पानातल्या वेगळ्या. तरी मी खात्रीशिवाय हो म्हटलं नाही. म्हशीला कडबा आहे, पाला खड्ड्यात टाका म्हटलं.

त्याच आठवड्यात दुसरी परीक्षा घेतली. कोलेटोट्रायकम आणि निओपेस्टॅलोशिऑप्सिस या दोन्ही प्रजातींतल्या काही बुरश्या ब्लूबेरीवर रोगही करतात. माझ्याकडच्या काय करतात? खुडलेली निरोगी पानं ओल्या टिपकागदावर, झाकलेल्या प्लेटमध्ये. काहींना सुईने टोचलं, काही अखंड. दोन्हींवर बुरशीचा तुकडा ठेवला, आणि ताळ्यासाठी काहींवर नुसतं अगर.

सातव्या दिवशी: अखंड पानं स्वच्छ. टोचलेल्या पानांवर कोलेटोट्रायकमने सुईच्या छिद्राभोवती डाळीएवढा काळा डाग पाडला, कडेला तांबडी रेघ. निओपेस्टॅलोशिऑप्सिसचा डाग लहान, पण आहे. नुसत्या अगरखाली काही नाही. खुडलेलं पान म्हणजे जिवंत झाड नव्हे, तिथे पान आधीच हरत आलेलं असतं, हे लक्षात ठेवून हा निकाल वाचायचा.

मॅडमसमोर विषयाचा कागद ठेवला आणि ‘निरुपद्रवीपणे’ हा शब्द खोडू का विचारलं. त्यांनी पेन दिलं. आता तिथे आहे: ‘निरोगी ब्लूबेरीच्या पानांत लक्षणांविना राहणाऱ्या’. लांबलचक झालं, पण जे दिसलं तेवढंच म्हणतं.

काकांना फोनवर सगळं सांगितलं, डागाचंही. लपवणं बरोबर नव्हतं. ते म्हणाले, “म्हणजे छाटणीची कात्री पुसून वापरायची आणि पावसात छाटायचं नाही.” शंभर टक्के तेच. आंतरप्रवाही बुरशीनाशक आतल्या सगळ्यांवरच चालेल, पण रिकाम्या पानात पुढच्या पावसात पुन्हा कोणीतरी येणारच, आणि जो आधी येईल तो गप्प बसणारा असेलच असं नाही. कोकोच्या झाडांवर पनामात झालेल्या प्रयोगात, २००३ मध्ये, आतल्या बुरश्या असलेल्या पानांचं फायटोप्थोरा या रोगजंतूमुळे झालेलं नुकसान रिकाम्या पानांपेक्षा कमी होतं. हे काकांना सांगितलं, पण ब्लूबेरीत तसंच होईल असं मी म्हणाले नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीनंतर डीएनएचे निकाल आले. आयटीएस हा तुकडा वाचून घेतला होता. २०१२ पासून बुरश्यांची सर्वसाधारण ओळख याच तुकड्यावरून करायची असं ठरलं आहे. प्रजातींबद्दलचे अंदाज बरोबर निघाले. बीजाणू न देणाऱ्या सहापैकी तीन डायापोर्थे, एक झायलेरिया. पण कोलेटोट्रायकमची जात आयटीएसवरून सांगता येत नाही, त्या गटात जवळच्या जातींची इतकी दाटी आहे की आणखी जनुकं वाचावी लागतात. पैसे तेवढे नाहीत. ‘कोलेटोट्रायकम ग्लिओस्पोरिऑइडिस समूह’ एवढंच लिहिलं.

संवर्धनं जपण्याबद्दल विचारायला आघारकर संस्थेत गेले. राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह तिथेच आहे, आणि वाळवलेल्या नमुन्यांचा आजरेकर संग्रहही. संस्था १९४६ सालची, वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांची, आणि उभी आहे गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर. माझी रिक्षा दर वेळी या दोन नावांत अडकते. पुण्यात बुरश्यांवर काम करणाऱ्यांची एवढी लांब रांग आहे, आणि आपल्या चार स्लँट्स (तिरक्या अगरवर बुरशी वाढवलेल्या नळ्या) त्या रांगेच्या शेवटी उभ्या राहतील, या विचाराने परतीचा रस्ता कळला नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पौड. झाडावर ठेवलेल्या लाल लोकरीच्या दहांपैकी एक पान पिवळं-तांबडं झालं होतं. हात लावला आणि ते हातात आलं.

लॅबमध्ये ते मधल्या शिरेवर उभं कापलं. अर्धं तसंच ठेवलं, अर्धं इथेनॉल-हायपोक्लोराइटमधून काढलं. दोन्ही अर्धी ओल्या टिपकागदावर, वेगवेगळ्या प्लेट्समध्ये. खाणं काही नाही, फक्त ओल.

२ डिसेंबर, सोमवार

दोन्ही अर्ध्यांवर टाचणीच्या टोकाएवढे काळे उंचवटे. निर्जंतुक केलेल्या अर्ध्यावरही, म्हणजे ते आतूनच वर आलेत. भिंगाखाली त्वचेचा थर मधोमध फाटलेला आणि फटीतून काळी ओली पूड वर आलेली.

बीजाणू: पाच पेशी, मधल्या तीन तपकिरी, वरच्या टोकाला तीन धागे. माप सप्टेंबरच्या प्लेटशी जुळतं.

जुलै-ऑगस्टच्या पावसात केव्हातरी आत शिरलेली बुरशी, पान हिरवं असेपर्यंत गप्प होती. पान गळालं तशी तिने आधीपासून आत असल्याचा फायदा घेतला. पाचोळ्यावर बाहेरून बुरश्या यायच्या आत हिने बीजाणू धरलेसुद्धा.

७ डिसेंबर, शनिवार

काकांना फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला, मग ड्रमखालच्या पाचोळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “म्हणजे हे झाडून जाळायचं.” पॉलिहाउसमधलं हो, झाडून काढाच. या तीन ड्रमखालचं जूनपर्यंत राहू द्या, पहिल्या पावसात त्याचे शिंतोडे नव्या पालवीवर कसे जातात ते मोजायचं आहे. माझं वर्ष मेमध्ये संपतं, पण मॅडमच्या हाताखाली पुढच्या वर्षी येणारी कोणी असेलच, आणि रविवारी मीही येऊ शकते.

ते तयार झाले. पाचोळा उडू नये म्हणून त्यांनी ड्रमभोवती जुनी शेडनेट विटांनी दाबून लावली. ज्या फांदीवरून पान गळालं तिथे लाल गाठ अजून आहे, तिच्या वरच्या बगलेतला डोळा फुगलाय. लोकरीचा उरलेला गुंडा प्लॅस्टिकच्या डब्यात घालून पंपाच्या खोलीत ठेवून आले.